हौसाच्या खालची पायरी

दुपारचे तीन वाजलेत. सात महिन्यांची ओवी दूध पिता पिता झोपलीय, आणि तिची ही पाऊण तासाची झोप म्हणजेच वैजूची लिहायची वेळ. मांडीवर लेक, शेजारच्या उशीवर कागद. मुलींसाठी लिहिलेल्या तिच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाचं हे शेवटचं प्रूफ, पाच वाजता छापखान्याचा माणूस ते न्यायला येणार. दुसऱ्या प्रकरणाच्या समासात संपादक मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलंय की गोष्टीतली ही तेजू कितीतरी मुलींना धीर देईल. वैजू ते वाक्य तिसऱ्यांदा वाचते, मनातून सुखावते, आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागतात.

"वैजे, हे कुणाचं डोस्कं गं?"

समोरच्या स्वयंपाकाच्या ओट्याला पायऱ्या फुटल्यात. वसतिगृहाच्या मागच्या, उन्हात तापलेल्या पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर हौसा बसलीय. तेरा वर्षांची, निळ्या गणवेशात, गुडघ्यावर खपली. आठवीच्या सुट्टीत मेंढरांच्या तळावर काविळीनं गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. वैजूला तिच्या येण्याचं नवल वाटत नाही. फक्त ओवी जागी होऊ नये एवढंच वाटतं.

रविवार आहे, म्हणजे साखळी बसलीय. वसतिगृहात दर रविवारी असंच चालायचं. मुली पायऱ्यांवर एकीच्या खाली एक अशा बसायच्या, वरचीनं खालचीच्या उवा काढायच्या. कोण कुणाच्या मागे बसतं यावरून कोण कुणाची ते ठरायचं. हौसा मेंढरं राखणाऱ्या घरातली, तिला मेंढरांचा वास यायचा. तिच्या मागे कुणी बसत नसे. तिच्या खालची पायरीही रिकामीच.

आज त्या पायरीवर तेजू बसलीय, पुस्तकातली. लाल रिबिनी, दोन वेण्या. हौसा तिचा भांग बोटांनी फाकवून दाखवते. टाळू कशी, इस्त्री केलेल्या कागदासारखी.

"ऊ न्हाई, लीख न्हाई. हिच्यामागं बसून मी करू काय?"

तेजू मान वळवून, तिला लिहून दिलेलं वाक्य म्हणते, "घाबरू नकोस हौसा, मी आहे ना." हौसाचं तोंड आमटीतला किडा दाताखाली आल्यासारखं होतं. ती तेजूचा खांदा हुंगते, मान हुंगते. या पोरीला वासच नाही, म्हणते. मेलेल्या माणसालाही येतो, हिला नाही.

वैजू समजावत राहते. मुलींना बळ मिळावं म्हणून असं लिहावं लागतं, एकीनं तरी धीट असावं लागतं. म्हणून पुस्तकात तेजू पहिल्याच रविवारी नाक न मुरडता हौसाच्या मागे जाऊन बसते, आणि दोघी जन्माच्या मैत्रिणी होतात.

"मग ह्यात तू कुठं हाईस?"

"तेजू म्हणजे मीच ना गं."

हौसा हसते. पोट धरून हसते, आणि तिच्या हसण्यानं पायऱ्या खाली खाली वाढत जातात. आता तो वैजूच्या सोसायटीचा जिना आहे. वळणावळणावर बायका नाकाला ओढण्या लावून उभ्या आहेत, आणि त्यांचे चेहरे सातवीतल्या मुलींचे आहेत. कुणीतरी ओरडतं, हिच्या कॉलरवर बघा. वैजूच्या कॉलरवरून एक जाड, तपकिरी ऊ चाललीय. मुली दूर सरकतात. साखळीत तिची जागा होती तिथे भिंत आहे.

आणि वरून हौसा आपल्या खालच्या पायरीवर हात आपटते. बस.

असं होतं ते. मागे जाऊन बसलेली वैजू नव्हती, खाली येऊन बसलेली वैजू होती. तीन रविवार हौसानं तिचं डोकं निवडलं, रॉकेलची बोटं फिरवली, लिखा नखांनी ओढून काढल्या. आणि त्या तिन्ही रविवारी वैजू नाकानं नव्हे, तोंडानं श्वास घेत होती.

"चौथ्या रविवारी?" हौसा विचारते. रागानं नाही, विसरल्यासारखं.

चौथ्या रविवारी वैजूचं डोकं साफ होतं. ती सगळ्यांबरोबर खाली जाऊन बसली. हौसाकडे कुणी पाहिलं तेव्हा तिनंही नाक दाबून दाखवलं, सगळ्यांत जोरात. तो वास आत्ता कुठून येतोय ते तिला कळतं. हौसाकडून नाही. उशीवरच्या त्या गुळगुळीत कागदांतून येतोय, सडक्या दुधासारखा.

हौसा उठते, दोन पायऱ्या उतरते आणि वैजूच्या खाली, तिच्याकडे पाठ करून बसते. केस मोकळे सोडते. केसांत मेंढीच्या लोकरीची कुसळं, खवट तेल, आणि मुळांशी उवांची नुसती वळवळ. वैजू तोंड मिटते. नाकानं श्वास घेते.

"कानामागं बग जरा," हौसा म्हणते, "तितं लई खाजतंय. कवापास्नं."

वैजू बघते. धरते. नखावर ठेवते, दुसऱ्या नखानं दाबते. टच. हौसाची मान पेंगून पुढे झुकते, अगदी ओवीची झुकते तशी.

पावणेचार वाजलेत. खोलीत पंखा फिरतोय. ओवीला जाग आलीय, ती रडत नाही, आईकडे नुसती बघत पडलीय. वैजू पेन घेते आणि दुसऱ्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारते. मग मॅडमना फोन लावते. मॅडम आधी हसतात, मग चिडतात, उद्या मशीनवर जायचंय म्हणतात, अख्ख्या पुस्तकात तेच प्रकरण चांगलं होतं म्हणतात. वैजू ऐकून घेते.

"ते खोटं आहे मॅडम. मी तिच्या मागे कधीच बसले नाही. तसंच लिहून देते, रात्रीपर्यंत. तसं नको असेल तर पुस्तक राहू दे."

तेवढ्यात वैजूचं लक्ष कागद धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे जातं. अंगठ्याच्या नखावर एक बारीक, लाल, अजून ओला ठिपका आहे. ती तो पुसत नाही.