म्हसोबाची बाटली

माझ्या दिरांनी दारू सोडली ती कोर्टाच्या धाकानं, असं आमच्या मोशीत अजून म्हणतात. मीही तेच म्हणत आले. त्यातल्या एका बाटलीचं खरं मात्र मी लपवलं.

दारूबंदीचे दिवस होते. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी अठरा-एकोणीस वर्षांचे. चाकणच्या बाजारात दोन सोबत्यांबरोबर हातभट्टीची प्यायले आणि कुणाची तरी बैलगाडी सोडून पळवत नेली. गाडी ओढ्यात गेली, एका बैलाचा पाय मोडला. भावजींना खेडच्या कोर्टात उभं केलं. पहिलाच गुन्हा म्हणून मॅजिस्ट्रेटनं तुरुंगात न घालता वर्षभर नीट वागायच्या हमीवर सोडलं. जामीन माझे मालक. दारूला शिवायचं नाही, दिवेलागणीला घरात. चौकशीला महिन्याकाठी सायकलवर कोर्टाचे एक साहेब यायचे. आम्ही त्यांना हमीवाले साहेब म्हणायचो. सासूबाई त्यांना ताक द्यायच्या आणि त्यांच्यासमोर लेकाला म्हणायच्या, "बघ, परका मानूस तुज्यासाठी पायडल मारीत येतो. लाज धर."

भावजींनी धरली. पहाटे उठून मोट हाकायचे. साहेबांनी पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर, फिटरच्या हाताखाली त्यांची जागाही ठरवली. आखाड संपला की जायचं होतं.

त्याच आखाडात माझी तान्ही पोर धापेनं आजारी पडली. आमच्या बांधावर म्हसोबा आहे, शेंदराचा. आखाडात त्याला कोंबडं आणि दारूची धार, ही घरची रीत. बंदी आल्यापासून सासूबाई पाण्याचीच धार सोडत. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "देवाला फशिवता व्हय गं? मंग पोर धापायचीच."

मी घाबरले. मालक कामावर, सासूबाई रानात. भावजी गोठ्यात होते. भट्टी कुठं लागते ते घरात त्यांनाच ठाऊक.

"भावजी, नदीकडनं थोडी आणता?"

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "वैनी, दुसरं काय पन सांगा."

"देवाचं आहे. तुम्ही थोडीच पिणार आहात?"

ते पोरीकडं बघत राहिले. तिच्या बरगड्या आत जात होत्या. टोपी घातली आणि गेले.

देवाची दारू ही दारू नव्हे, असं मला खरंच वाटत होतं. कोर्टाला तसं वाटत नसतं, एवढी अक्कल नव्हती.

परतताना नदीच्या वाटेवर हमीवाले साहेबच समोर आले. सदऱ्याखालचा फुगवटा त्यांना दिसला. दोघं अंगणात आले तेव्हा सासूबाई आणि मालकही येऊन ठेपले होते. बाटली जोत्यावर ठेवलेली. मी दाराआड, पोर खांद्यावर.

"कुणासाठी आणलीस?" साहेबांनी विचारलं.

"माज्यासाठी."

साहेबांनी भावजींचं तोंड हुंगलं. "वास नाही. मग खोटं का बोलतोस?"

भावजींनी म्हसोबाचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न 'कुणी पाठवलं' हा होता. एक पाऊल पुढं टाकून मी सांगायला हवं होतं. मला माहेरी धाडतील, एवढंच डोक्यात. मी पदर पुढं ओढला.

तेवढ्यात साहेबांना आतला घरघराट ऐकू आला. "हे मूल कुणाचं?" म्हणाले, आणि बाटली-बिटली विसरून मालकांवर ओरडले, "आधी गाडी जुंपा! दवाखान्यात न्या!" बाटली भावजींनी त्यांच्यासमोर उकिरड्यावर रिकामी केली, तेव्हा मी गाडीत चढत होते. सुया टोचल्यावर पोर वाचली. म्हसोबा कोरडाच राहिला, रागावलाबिगावला नाही.

साहेबांनी तुरुंग टाळला. हमी वर्षानं वाढली. फिटरकडची जागा मात्र गेली. "आता शब्द कुठल्या तोंडानं टाकू?" म्हणाले.

सासूबाईंनी रोज संध्याकाळी भावजींचं तोंड हुंगायला सुरुवात केली. "हा कर." भावजी वाकून "हा" करायचे. हमी संपली. पुढं उशिरा का होईना, कंपनीत लागले, लग्न झालं, पोरं झाली. तरी शिफ्टवरून आले की आधी आईपुढं वाकायचं. त्या "हा"ला त्यांची पोरं हसायची. चुलीशी मी भाकरी थापत असायची. एकदाही त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं नाही, तेच जास्त लागायचं.

यंदा आखाडात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. भावजी कामावरून आले, वाकले. कानशिलं पांढरी झालीत त्यांची. माझ्यानं राहवलं नाही. त्यांच्यादेखतच सांगितलं, "आत्याबाई, ती बाटली मी आणायला लावली होती. पोरीसाठी."

सासूबाईंनी मान माझ्याकडं वळवली. "इतकी वर्सं मी ह्याचं तोंड हुंगलं. आन् तू बगत व्हतीस?"

"व्हय."

भावजी म्हणाले, "असूं दे आई. त्या निमित्तानं तू रोज जवळ तर घ्यायचीस."

"गप रं," त्या म्हणाल्या. त्यांना रडू आलं होतं.

माझ्याशी त्या अजून धड बोलत नाहीत. पाणी माझ्या हातचं घेतात. काल भावजी आले ते सवयीनं वाकले. सासूबाईंनी "हा कर" म्हटलं नाही. त्यांचा गाल तळव्यात धरून ठेवला, आणि ते तसेच वाकून उभे राहिले, डबा हातातच.