खाचेवरचं स्वस्तिक

जया गजभियेला दोन गोष्टींची सवय होती. उमरेडहून धंतोलीला येताना एसटीत उभं राहायची, आणि दवाखान्यात कुणाच्या देवाला हात न लावायची. पहिली नाइलाजाने लागलेली, दुसरी बापाने लावलेली. धोंडबा हातमागावर लुगडी विणायचा. पोरीला नोकरी लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यायच्या पूजेच्या चीजेले हात लावजो नको. मंग काही बी बिघडलं की आपलंच नाव येते."

नोकरी म्हणजे डॉक्टर वझलवारांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर चालवायचा. साल अठ्ठ्याऐंशी. सहा महिने कच्ची, मग बघू, असा करार. सहावा महिना सरायला चार दिवस उरले आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं.

जुनं भाड्याचं मशीन त्या दिवशी चार वाजता टेम्पोत चढणार होतं. नवं टेबलावर येऊन बसलेलं. केसपेपरचा प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा, आणि मोठा मानी. एका वेळी एकाच मशीनवर नांदणार. जुन्यावरून रीतसर काढला की परवाना मूळ फ्लॉपीवर परत यायचा, मग ती फ्लॉपी नव्यात घालायची. नुसत्या फायली पुसल्या तर परवानाही गेला. पेशंटांच्या नोंदी जयाने वेगळ्या उतरवून ठेवल्या होत्या, पण प्रोग्रामच नसेल तर त्या उघडणार कशाने?

सकाळी तिने प्रोग्राम काढायचा हुकूम दिला. मशीन गुरगुरलं आणि पडद्यावर आलं, फ्लॉपीवर लिहिता येत नाही. तिने पुन्हा दिला. पुन्हा तेच, आणि खाली एक नवी ओळ: आता एकच संधी उरली आहे. तिसऱ्यांदा चुकलं तर प्रोग्राम कायमचा बंद.

काउंटरवर यमुताई बसायच्या. दवाखाना उघडला त्या दिवसापासूनच्या. डॉक्टरही त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवत. त्या रजिस्टरातून मान वर न करता म्हणाल्या, "दसऱ्याले आम्ही साऱ्या चीजांची पूजा केली. तू नव्हती. रुसली असंन मशीन."

दसऱ्याला जया दरसाल घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर असते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोलल्या. जयाला असा राग आला की तिने पडद्यावरची ओळच पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

अडीचला डॉक्टर बाहेर आले. "जया, काय करून ठेवलंस?"

म्हणजे झालं, नाव आलंच. तिने पुण्याला फोन लावायची परवानगी मागितली. लाइन लागता लागता साडेतीन वाजले.

"मॅडम, फ्लॉपीच्या उजव्या कडेला चौकोनी खाच असते," पलीकडचा माणूस म्हणाला. "ती झाकली की मशीन लिहीत नाही."

"या फ्लॉपीले खाचच नाही, सर."

"आमच्या सगळ्या फ्लॉप्यांना असते. कडेला काही चिकटलंय का, बघा."

जयाने फ्लॉपी उजेडात धरली. उजव्या कडेला सोनेरी स्वस्तिकाचं स्टिकर होतं. निघू नये म्हणून कडेवरून दुमडून मागेही पक्कं दाबलेलं. दसऱ्यापासून ते रोज तिच्या डोळ्यांपुढे होतं. फ्लॉपी धरताना बोट त्याला लागू नये एवढं मात्र तिने न चुकता जपलं होतं.

फोन ठेवून ती स्टिकरकडे नख न्यायला गेली आणि थांबली. मग उठून काउंटरपाशी आली. "ताई, हे तुमीच लावलं ना? तुमीच काढा."

यमुताईंनी पाहिलं. "पूजेचं काहून काढू मी? तूच काढ. तुले काय त्याचं?"

बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला. हमाल पायऱ्या चढू लागले.

"मले काय? मले तर सारंच आहे, ताई," जया म्हणाली. आवाज चढला नाही, पण बाकावरच्या पेशंटांनी माना वळवल्या. "मी काढलं आन् तिसऱ्यांदा बी चुकलं, तं तुमी म्हणसान, हिनं देवाले हात लावला म्हणून बिघडलं. माही नोकरी जाईन. तुमी काढलं तं नुसतं स्टिकर निघन."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी चष्मा पुसला.

यमुताईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी हात पुढे केला, फ्लॉपी घेतली आणि नखाने हळूहळू स्टिकर सोडवलं. खाली चौकोनी खाच निघाली. स्टिकर कपाळाला लावून त्यांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवलं. "घे वं," म्हणाल्या.

जयाने फ्लॉपी घातली आणि तिसरा हुकूम दिला. मशीन गुरगुरलं. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. हमाल दोरी घेऊन खोळंबले. यमुताई काउंटर सोडून तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. मग पडद्यावर ओळ आली: प्रोग्राम काढला. परवाना फ्लॉपीवर जमा.

पाच वाजता नव्या मशीनवर पहिला केसपेपर निघाला. डॉक्टरांनी तो उलटून पालटून पाहिला. "पुढच्या दसऱ्याला काय करायचं मग?"

"पुढच्या दसऱ्याले बी मी सुट्टीवरच राहीन, साहेब," जया म्हणाली. "फ्लॉपी कपाटात ठेवीन आन् चावी संग नेईन."

डॉक्टर काही बोलायच्या आत यमुताई म्हणाल्या, "चावी पक्क्या माणसापाशीच देता येते, डॉक्टर. हिची ऑर्डर आजच काढा."