मुराळ्याच्या गळ्यातला गमछा

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या, पण नागपंचमीच्या आदल्या दिवसाची ती दुपार काही केल्या मनातून जात नाही.

जिल्ह्यात आंदोलन पेटलं होतं. इंटरनेट बंद, एसटीचा भरवसा नाही, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ठिकठिकाणी टायर जळत होते. मी त्या महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. चार दिवसांचा बंदोबस्त अंगावर होता आणि डोकं तर माझं जात्याच गरम.

अशा दिवसांत सुखरूप पोहोचायच्या युक्त्या जो तो काढतो. कुणी गाडीत आजारी म्हातारी बसवतं, कुणी काचेवर दवाखान्याचा कागद चिकटवतं. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे आंदोलकांचा गमछा. गळ्यात घातला, एक घोषणा दिली, की वाट मोकळी. फक्त पुढच्या वळणावर तोच गमछा पोलिसाला दिसतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सकाळी अकराच्या सुमारास नळदुर्ग आणि जळकोटच्या मधे एका एसटीवर दगडफेक झाली. चालकाच्या डोळ्याजवळ काच लागली. दगड मारणारा गमछेवाला मोटारसायकलवरून पळाला, असा वाहकाचा जबाब होता. तासाभरात खबऱ्याचा फोन आला, की तसाच एक गडी जळकोटकडे निघालाय, हँडलला फुगलेली पिशवी आहे. नाकाबंदीवर आमच्या माणसांनी हात केला, तर त्यानं गाडी वळवली. घसरून पडला, मोबाईल फुटला, आणि गडी ठाण्यात आला.

पिशवीत दगड असणार अशी सगळ्यांची खात्री. पंचांसमोर उघडली, तर ज्वारीच्या लाह्या, गूळ आणि एक नवी साडी. एक शिपाई हसला. मी नाही हसलो. दंगलीला जाणारासुद्धा शिदोरी घेऊन निघतोच की, असं मी त्याला सुनावलं. चुकीच्या माणसाला धरल्यावर अक्कल कशी भराभर कारणं पुरवते, ते मला तेव्हा कळलं नाही.

गडी तिशीचा, परंड्याकडचा, सोनारीजवळच्या एका वाडीचा. नाव-गाव घडाघडा सांगितलं.

"म्या दगड मारला न्हाय, साहेब. सोनारीच्या भैरोबाची आण."

"मग गाडी का वळवलीस?"

"गमछा व्हता ना गळ्यात. वाट सोडावी म्हणून घातलेला. तुमाला बघून भ्यालो."

"निघाला कुठं होतास?"

इथं तो जो गप्प झाला, तो झालाच. माझा अनुभव असा, की खोटारडा माणूस बडबडतो आणि गप्प बसणारा कुणाला तरी वाचवत असतो. एवढं बरोबर होतं. पण तो आपल्या साथीदारांना वाचवतोय, हे मी माझ्या मनानं ठरवून टाकलं. टेबलावर हात आपटला, कलमं वाचून दाखवली. जेवण आलं, त्यानं ताटाला हात लावला नाही. तीनच्या पुढं मात्र तो सारखा खिडकीबाहेर बघू लागला.

"साहेब, दिस मावळायच्या आत सोडा. उद्या माझा मी येतो, मग वरीसभर आत ठेवा."

"जायचंय कुठं ते सांग, सोडतो."

त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

साडेचारला आमच्या महिला हवालदार बंदोबस्तावरून परतल्या. टेबलावरची पिशवी बघून जागच्या जागी थांबल्या.

"ही लाह्यांची पिशवी कुणाची, साहेब?"

"आरोपीची."

"आरोपी कसला! मुराळी हाय त्यो. बहिणीला आणाय निघालाय."

पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला जाणारा भाऊ म्हणजे मुराळी. मी मराठवाड्यातच वाढलो, पण ही साधी गोष्ट चार तासांत माझ्या डोक्यात आली नव्हती. हवालदारबाईंचा स्वतःचा त्या दिवशी भावासाठी उपवास होता. सकाळपासून त्या नुसत्या पाण्यावर उन्हात उभ्या होत्या. त्या गड्याजवळ जाऊन खालीच बसल्या.

"दादा, बहीण कुठं दिली?"

एवढ्या एका प्रश्नावर तो लहान लेकरागत रडला. मग सगळं बोलला. जळकोटपासून आत एका गावात बहीण दिलेली. आईच्या दहाव्याला दाजीशी बोलाचाली झाली. तेव्हापासून तीन वर्षं ना हा गेला, ना त्यांनी पाठवली. यंदा तिच्या सासूनं सांगावा धाडला होता, की पंचमीच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत मुराळी आला तर सून धाडू, नाहीतर तिला माहेर नाही असं समजू.

"मग साहेबांना गाव का न्हाय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमची जीप तिच्या दारात गेली असती. भाऊ पोलिसांनी धरला म्हणून तिला जल्मभर टोचलं असतं. त्यापरीस म्या आत बसलेला बरा."

रस्ता बंद म्हणून दहापासून पावणेबारापर्यंत तो नळदुर्गच्या एका ढाब्यावर बसून होता. ढाब्याला कॅमेरा होता. माणूस पाठवून चित्रण मागवलं. दगडफेकीच्या वेळी हा बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला स्पष्ट दिसत होता. (खरा दगड मारणारा आठवड्यानं सापडला, तो वेगळाच.) स्टेशन डायरीत नोंद केली, त्याची सही घेतली, वाकलेलं हँडल शिपायांनी सरळ केलं. तो निघाला तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. श्रावणातलं आभाळ, सूर्य कुठं आहे ते कळेना. मी उगाच दारात उभा राहिलो.

सकाळी फुटका मोबाईल न्यायला तो आला. चेहऱ्यावरच उत्तर होतं.

"दिवा लागला व्हता, साहेब. सासू म्हणली, वेळ गेली. बहीण दारात उभी व्हती, उपाशी. बोलू बी दिलं न्हाय. रात काढली देवळात."

त्यानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. पंचमीपुरती लेकीबाळींची वाट अडवायची नाही, असं आंदोलकांनीच ठरवल्यामुळं महामार्ग त्या सकाळी शांत होता. मी वर्दी उतरवली, साधा शर्ट घातला, दुय्यम अधिकाऱ्याला दोन तास सांभाळायला सांगितलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी हात जोडले. "बाई, काल ह्याला वाटेत मी अडकवून ठेवलं. चूक सगळी माझी. तिची शिक्षा पोरीला देऊ नका."

"तुमी कोण?"

"त्याचा मोठा भाऊ समजा."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. शर्ट बदलला होता, पण तपकिरी पोलिसी बूट तसेच होते. म्हातारीला कळायचं ते कळलं. आजूबाजूच्या ओट्यांवर बायका होत्या, म्हणून तिनं पोलिसाचं नाव काढलं नाही.

"एका भावाला न्हाय म्हणलं," ती म्हणाली, "दोघं आल्यावर कसं म्हणावं?" आणि आत तोंड करून ओरडली, "आवर गं, तुझं मुराळी आल्यात!"

गप्प माणूस कुणाला वाचवतोय, हे विचारताना आवाज खाली आणायचा, हे मी त्या प्रकरणात शिकलो. नोकरीची थोडी वर्षं उरली असताना शिकलो, याची खंत आहे.

बहीण बाहेर आली, भावाच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या पाया पडली. मी फाट्यापर्यंत चालतच जाणार होतो. गाडीवर भावाच्या मागं बसता बसता तिनं सहज विचारलं, "दादा, तुमची बहीण आली का पंचमीला?"

माझी बहीण भूमकडं दिली होती. दर पंचमीला मला बंदोबस्त असायचा आणि दर वर्षी मी तिला फोनवर सांगायचो, पुढच्या वर्षी नक्की येतो न्यायला. ती मलाच विचारायची, जेवलास का रे. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"निघालीय," मी त्या पोरीला म्हणालो. "वाटेत आहे."