बाबांच्या खोलीतला राउटर

मित्रांनो, आज दुपारी डोकंच फिरलं. मुर्री गावातल्या आमच्या घरी मोबाइलवर साधा व्हिडिओही अडकत अडकत चालत होता.

सेटिंगमध्ये जाऊन राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर केला. बाबांच्या खोलीत स्पीड एकदम तुफान, कारण राउटर तिथंच, त्यांच्या खाटेच्या वर लावलेला. हॉलमध्ये आलो तर सिग्नल गायब! हे नेट फास्ट असतं, पण भिंतीपुढे हात टेकतं.

मग राउटरच हॉलमध्ये आणू म्हटलं. बाबा जाऊन महिना झाला, आता त्या खोलीत वायफाय लागतो कुणाला?

स्टुलावर चढलो, तर दारात आई.

"काऊन काढून राहिला रे ते?"

"स्पीड वाढते आई."

"राहू दे. तेरवीपर्यंत दिवा होता त्या खोलीत. आता रातच्याले तिथं ह्याच्या लायटीचा तेवढाच उजेड दिसते मले."

मी खाली उतरलो. सेटिंग परत २.४ गिगाहर्ट्झवर केली. ते हळू चालतं, पण भिंतीपलीकडे पोचतं.

घरचं माणूस गेल्यावर त्याची खोली तुम्ही कधी आवरलीत?

ही पोस्ट टाकतानाही स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरून राहिलं आहे. फिरू दे.