तिजोरीला खांदा

लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात गुरुसिद्धप्पाचं किराणा दुकान होतं, पण गाव त्याला बँकवाला अप्पाच म्हणायचं. सरकारी बँक आपली हाय, पतसंस्थेच्या नादी लागू नका, असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून त्यानं अर्ध्या गावाची खाती उघडून दिली. अन् मग बँकेची गावातली शाखाच लोहाऱ्याला हलवायचं ठरलं.

सामान न्यायच्या दिवशी अप्पा बँकेच्या दारात आडवा बसला. संगं येतो म्हणालेलं गाव मात्र एका खासगी फायनान्सच्या उद्घाटनाला गेलं. तिथं साड्या वाटत होते.

दुपारी त्याची बायको, सिद्धम्मा, चहा घेऊन आली.

"तू न्हाय गेलीस व्हय?"

"जाऊन आले की. बऱ्या रंगाच्या सरल्या."

तेवढ्यात हमालांनी मागच्या दारानं तिजोरी काढली. पायरीवर ती कलली, तसा अप्पा धावला अन् त्यानं खांदा दिला.

"अवं, तुमी अडवायला बसला व्हता न्हवं?"

"अडवायला. पाडायला न्हाय. लोकांचं हाय त्यात."

तिजोरी नीट चढली अन् टेंपो गेला. आता म्हाताऱ्या बायका निराधार योजनेच्या पगारासाठी जीपनं लोहाऱ्याला हेलपाटे घालतात. अप्पा अजून वर अर्ज धाडतो. शाखा परत यायची न्हाय, हे त्यालाही ठाऊक आहे अन् सिद्धम्मालाही. पोस्टाच्या तिकिटाला पैसे मात्र ती मुकाट काढून देते.