भास्करकाकांची बाग आणि मी ग्रुपवर टाकलेला फोटो

भास्करकाकांची बाग मी वाळवली.

काका परवा गेले. हर्सूलच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये फक्त एक कमरेएवढी भिंत आहे.

कॉलनीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेले इमोजी येत होते. मीही एक टाकला. टाकताना स्वतःची लाज वाटली, म्हणून हे लिहितेय.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या बागेचे फोटो लाइक केलेत. शेवग्याच्या फुलांना उलटा लटकलेला निळा-काळा शिंजीर पक्षी. जास्वंदीत भांडणारे बुलबुल. फाल्गुनात पानं गाळून नुसता लालभडक झालेला पांगारा आणि त्यावर भरलेली साळुंक्यांची शाळा.

वर मी लिहायचे, “माझी सकाळ”.

ती बाग माझी नव्हती. माझ्याकडे दोन कुंड्या आहेत. एकीत कोरफड, दुसरीत नुसती माती.

बाग काकांची. छावणीतली नोकरी संपली आणि ते मातीत उतरले ते उतरलेच. मी फक्त गॅलरीत चहा घेऊन बसायचे आणि मोबाइल झूम करायचे.

एकदा मी त्यांना कबूल केलं होतं की फोटो माझे म्हणून टाकते. काका हसले. “टाक की. पाखरांना कुठं माहीत, कंपाउंड कुणाचं हाय ते.”

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी ऑफिस, पाहुणे, आजारपण, सगळं बाजूला.

त्या मार्चमध्ये आमचा पाण्याचा दिवस दोनदा हुकला. टँकरवाला फोन उचलेना. मी सिंकमधल्या भांड्यांकडे बघत चिडत होते.

गॅलरीत आले तर काका निवांत पाइप धरून पांगाऱ्याला पाणी घालत होते.

माझं डोकं फिरलं. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. “आम्ही प्यायच्या पाण्यासाठी वणवण करतोय आणि इथे बागेची हौस चाललीय.”

धडाधड अंगठे आले. कुणी लिहिलं, अशांचं कनेक्शन तोडा. प्रत्येक अंगठ्यागणिक मला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

काकांकडे साधा फोन, ते ग्रुपवर नव्हते. ग्रुपवर असलेल्या त्यांच्या पुण्याच्या मुलानं त्यांना फोनवर सांगितलं. संध्याकाळी कॉलनीतले तिघं त्यांच्या दारात “समजावायला” गेले. मी पडद्याआडून बघत होते.

काकांनी ऐकून घेतलं. हात जोडले. पाइप गुंडाळून आत ठेवला.

तीन दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात एक भरलेली बादली दिसली. ही कशाची, असं मी सासूबाईंना विचारलं.

फिल्टरचं वाया जाणारं पाणी, त्या म्हणाल्या. मी ऑफिसला गेले की काका रोज येऊन ती बादली न्यायचे, आता येत नव्हते. आमची आणि आणखी चार घरांची. घरामागच्या ड्रमात साठवायचे आणि पाइपनं झाडांना सोडायचे.

माझ्या फोटोत ड्रम आला नव्हता.

मग त्यांनी त्या तिघांना हे सांगितलं का नाही?

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी म्हणलं त्यांना, सांगा म्हणून. तर म्हणले, नको वैनी. फोटो पोरीनं टाकलाय अन् पाणी तिच्याच घरचं. चारचौघांत तिची शोभा व्हईल.”

मी त्याच दिवशी ग्रुपवर माफी टाइप केली. पुसली. परत टाइप केली. परत पुसली. म्हटलं, ग्रुपवर कशाला, समक्षच बोलू.

दोन वर्षं मी समक्ष बोलणारच होते.

शेवग्याची फुलं गळून पडली. जास्वंद वाळली. पांगाऱ्यानं एक उन्हाळा काढला, पुढच्या फाल्गुनात फुलला नाही. शिंजीर यायचा बंद झाला. भिंतीवर पाखरांसाठी पाण्याचं एक मातीचं भांडं तेवढं काका भरत राहिले.

एकदा धीर करून भिंतीपाशी गेले. तोंडातून निघालं काय, तर “काका, बाग कमी केलीत?”

“वय झालं, बाई. नाय होत आता.” आणि मला विचारलं, ऑफिसात कसं चाललंय.

मी उत्तर दिलं. चांगलं पाच मिनिटं ऑफिसबद्दल बोलले.

काल काकांच्या पत्नी विमलकाकूंनी भिंतीवरून हाक मारली. जलदानविधीला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, ठेवायला काकांचा फोटो हवाय. घरात आहेत ते सगळे आयकार्डाचे.

“तू लई फोटो काढायचीस बागेचे. त्यातला एखादा दे, झाडांतला. तिथंच बरे दिसायचे ते.”

मोबाइल उघडला. चार वर्षांचे फोटो. पक्षी आहेत, फुलं आहेत, काका कुठंच नाहीत. फ्रेममध्ये बनियन आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा आला, की मी तेवढं कापून टाकायचे. फोटो बिघडतो म्हणून.

एका फोटोत ते पूर्ण आहेत. पांगारा भरून फुललाय, काका मान वर करून त्याच्याकडे बघतायत, चेहरा अगदी समाधानी. हातात पाइप.

तोच फोटो. मी ग्रुपवर टाकलेला.

माझ्याकडे दुसरा नाही. आज तोच घेऊन काकूंकडे जातेय. पाणी कुठलं होतं हे त्यांना माहीत आहे. ते मलाही माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले, हे त्यांना माहीत नाही. ते सांगणार आहे. त्यांनी फोटो घेतला नाही तरी समजून घेईन.

ही पोस्ट कॉलनीच्या ग्रुपवरही टाकतेय. पुसणार नाही.

काका, श्रद्धांजली वाहायला तुमचा मुलगा आहे, काकू आहेत, पाण्याच्या बादल्या देणारी ती चार घरं आहेत.

मी फक्त माफी मागते. तुम्ही भिंतीपलीकडे उभे होतात तेव्हा मागायला हवी होती.