जैतूनचाची झोपू देत नसे

उंब्रजला आमच्या गल्लीत कुणी गजर लावत नसे. पहाटेच्या अजानीनंतर जैतूनचाचीची बादली वाजली की उठायचं. पाणी असायचं तिच्या लेकासाठी, अस्लमसाठी. ती एकच हाक मारायची; दुसऱ्या हाकेऐवजी बादली थेट अंथरुणावर. मग अस्लमची बोंब, आणि त्यावर चढलेला चाचीचा आवाज : "उजाडल्यावर झोपल्यालं माणूस आन् मढं, दोन्ही सारखंच! ऊठ!"

माझं शिलाईचं दुकान तिच्या डंकाला लागून. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड आपटायची, माझ्या टेबलावरची कात्री नाचायची, आणि लग्नसराईत तर शिंकून शिंकून जीव नकोसा व्हायचा. नवरा गेल्यावर चाचीनं तो डंक एकटीनं चालवला. कोपरापर्यंत हात कायम लाल. आग आग झाली की ताकात हात बुडवून बसायची, पण "दमले" म्हणाली असेल तर शपथ! गिऱ्हाईक देठासकट मिरच्या घेऊन आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि शिव्या देत देत देठही स्वतःच खुडायची.

"हात हालला की नशीब हालतं," हे तिचं रोजचं. भिंतीला यंत्राचा तुटका पट्टा टांगलेला असे, तो हे वाक्य पटवून द्यायला. नववीत अस्लम गणितात नापास झाला तेव्हा तिनं त्याला असा फोडला, की मी मध्ये पडले आणि एक फटका माझ्याही दंडावर बसला. "सरक गं सुमन! कष्टाची सवय लागली की पोरगं कुठंबी तरंल!" संध्याकाळी त्याच पाठीला हळद लावत ती हुंदके देत होती. लावतानाही त्याला शिव्याच घालत होती म्हणा.

अस्लम फिटर झाला. कराडकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला. तो पर्मनंट झाला की डंक बंद, आणि त्याच महिन्यात त्याचं लग्न, हे चाचीनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पण दर सात-आठ महिन्यांनी ठेकेदार त्याला 'ब्रेक' द्यायचा, थोडे दिवस घरी बसवायचा आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचा. असं करता करता पोरानं पस्तिशी गाठली.

चाचीच्या मते चूक एकाचीच. "तूच कुठंतरी कमी पडला असशील." गेल्या उन्हाळ्यात पुन्हा ब्रेक मिळून तो भरदुपारी डबा घेऊन परत आला, तेव्हा तिनं पट्टा काढला. मिशीत पांढरे केस आलेला बाप्या, भर गल्लीत मान खाली घालून मार खात उभा! तिचा हात धरणं त्याला सहज जमलं असतं. "अम्मा, डबल ड्युटी केली गं," एवढंच म्हणाला. "ईदलाबी गेलतो." ती मारतच राहिली. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात तो ठेकेदार लेकीच्या लग्नाची चटणी कुटायला डंकावर आला. चाचीनं त्याला खुर्ची दिली, मला चहा आणायला लावला, आणि पदर सावरून विचारलं, "साहेब, माझ्या पोराचं चुकतंय काय? नुसतं सांगा, मी बघते त्याच्याकडं."

ठेकेदार हसला. "आवं चाची, चुकतंय कुठं? एक नंबर कामगार! त्याच्या जिवावर तर माझा ठेका चाललाय. कारखान्याच्या साहेबांनी पर्मनंटसाठी एक नाव मागितलं, मी भाच्याचं दिलं. त्याला काम येत न्हाई, कुठंतरी चिकटवायलाच पायजे व्हता. अस्लमचं दिलं तर मग माझं काम कोण करणार?"

मुसळं आपटत होती. चाचीनं दोन्ही मुठी तिखटात घातल्या आणि त्याचं तोंड धरलं. डोळ्यांत, नाकात, तोंडात चोळलं. गडी खुर्चीसकट आडवा झाला, गुरासारखा ओरडायला लागला. ती छातीवर बसून पट्ट्यानं हाणत होती : "आता बोल! कुठं कमी पडला माझा पोरगा? बोल!" समोरचा केळीवाला आणि मी तिला ओढत होतो. खोटं कशाला बोलू, मी फारसा जोर लावत नव्हते.

पोलिसांनी तिला दिवसभर चौकीत बसवून सोडलं. घरी आली. चूल पेटवून तिनं पट्टा आत सारला. जळक्या रबराच्या वासानं गल्लीत कुणाला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली उशिरा उठली. बादली वाजलीच नव्हती! मी धावत गेले. डंक बंद होता. बाजेवर अस्लम गाढ झोपलेला, तोंडावर ऊन आलेलं, आणि चाची उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती.

तिला जरा हसवावं म्हणून मी बादली उचलली. "चाची, उन्हं डोक्यावर आली की! ओतू का?"

तिनं माझं मनगट धरलं. तिखटानं तिचा हात अजून तापलेला होता.

"ऱ्हाऊ दे गं. झोपू दे," ती म्हणाली. "आता उठवून सांगू काय त्याला?"